रुग्णशय्येपाशी पोलीस कशाला?

नागरिकाच्या देहावर राज्यसत्तेचा अधिकार कोठवर चालावा, हा प्रश्न अमेरिकेत आज केवळ तत्त्वचर्चेचा राहिलेला नाही. तो रुग्णालयाच्या दाराशी येऊन ठेपला आहे. २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ हा निर्णय मोडीत काढला आणि गर्भपाताचा प्रश्न एकेका राज्याच्या विधिमंडळाकडे सोपविला. पुढे १८ जून २०२५ रोजी त्याच न्यायालयाने टेनेसी राज्याचा एक कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविला. जन्मकाळी नोंदलेल्या लिंगाहून आपला लिंगभाव वेगळा आहे असे मानणाऱ्या अज्ञान मुलांस त्यासाठी यौवनारंभ लांबविणारी औषधे अथवा संप्रेरके देण्यास हा कायदा बंदी करतो. अशा तऱ्हेचे निर्बंध तेथील वीसहून अधिक राज्यांनी घातले आहेत.

ही दोन प्रकरणे अगदी भिन्न आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु नेब्रास्काच्या विधिमंडळाने ती २०२३ साली एकाच दाव्याला बांधली. सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालू पाहणारे विधेयक अवघ्या एका मताने अडले. तेव्हा बारा आठवड्यांची बंदी एकोणीस वर्षांखालील मुलांच्या लिंगभावविषयक उपचारांच्या विधेयकास जोडून ती संमत करून घेण्यात आली. एका विधेयकात एकच विषय असावा, या दंडकाचा हा भंग नव्हे काय? त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली उत्तर दिले की, भंग नव्हे. कारण वैद्यकीय उपचार हा दोहोंचा विषय एकच आहे! आम्ही नम्रपणे विचारतो, विषय जर वैद्यकीय उपचारांचा आहे, तर त्याचा निवाडा वैद्यकशास्त्राने करावयाचा की मतांच्या बेरजेने?

टेक्सासात गर्भपात करणाऱ्या डॉक्टरास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलर दंड होऊ शकतो. मातेच्या जिवास धोका असेल तर अपवाद आहे. पण धोका कितपत वाढला म्हणजे हात लावावा? या अपवादाचा खुलासा करण्यासाठी टेक्सासच्या विधिमंडळालाच २०२५ साली नवा कायदा करावा लागला. मूळ शब्द संदिग्ध होते, याची याहून स्पष्ट कबुली कोणती? आयडाहोतील सँडपॉइंट गावच्या रुग्णालयाने २०२३ साली आपला प्रसूतिविभाग बंद केला, तेव्हा सांगितलेल्या कारणांत राज्यातील कायद्यांचे वातावरण हेही एक होते. ज्यांना मूल हवे आहे, त्या स्त्रियांचीही अशा कायद्यांतून सुटका होत नाही, ती अशी!

संदिग्ध कायद्याची किंमत बेळगावने मोजलेली आहे. तेथील कन्या सविता हलप्पनवार हिचा ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडातील गॉलवे येथे अंत झाला. गर्भ वाचणार नाही हे कळून चुकले होते; तरी त्याच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने गर्भपात नाकारण्यात आला. मातेच्या प्राणरक्षणाचा अपवाद तेथेही होता. जंतुदोष वेळीच ओळखण्यात हयगय झाली हे खरे. पण कायद्याच्या धास्तीने डॉक्टरांचा निर्णय दबला, असेही चौकशीत आढळले. आयर्लंडच्या जनतेने २०१८ साली सार्वमताने घटना बदलली. सविता मात्र परत आली नाही.

विरोधी पक्षाच्या शंका आम्ही उडवून लावीत नाही. गर्भाच्या जीविताविषयी अनेकांची श्रद्धा प्रामाणिक आहे. अज्ञान मुलांवरील उपचारांबद्दल तज्ज्ञांतही एकवाक्यता नाही. इंग्लंडात २०२४ च्या कॅस अहवालाने याविषयीचा पुरावा दुबळा ठरविला, तर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची प्रमुख संघटना या उपचारांची पाठराखण करते. मग संशोधन करा, संमतीचे नियम कडक करा, आईबापांस विश्वासात घ्या. शास्त्रातील मतभेद पुराव्याने मिटतात. सरसकट बंदीने ते केवळ गाडले जातात, आणि त्याखाली एखादे व्यथित मूलही गाडले जाते.

आपणही या बाबतीत उंच आसनावर बसण्याचे कारण नाही. आपल्या १९७१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने वाट पुष्कळ मोकळी केली. तथापि न्याय संहितेत गर्भपात हा आजही गुन्हाच आहे, आणि हा कायदा म्हणजे त्यातून डॉक्टरास दिलेली सवलत आहे. स्त्रीचा हक्क म्हणून तो लिहिलेलाच नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी लेकीसुनांची काळजी वाहताना घरच्या लेकींचाही हा हिशेब आपण विसरता कामा नये.

विधिमंडळाने रुग्णालये उभारावी, डॉक्टरांची पात्रता ठरवावी, फसवणूक करणाऱ्यास शासन करावे. तो त्याचा धर्मच आहे. पण समोर रुग्ण तळमळत असताना डॉक्टरास आधी वकील गाठावा लागत असेल, तर तो कायदा जीवरक्षणाचा नव्हे. तो बदललाच पाहिजे!