पैसा आपला, अटी कुणाच्या?



२०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुणे जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायांबरोबर आरोग्याचं शिबिर होतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविषयी मी बोलत होते. या कॅन्सरवर देशी लस निघाली आहे, आपल्या पुण्यात तयार झाली आहे आणि तिच्या संशोधनाला सरकारनेही हातभार लावला आहे, असं मी उत्साहाने सांगितलं. मागे बसलेल्या एका शेतमजूर बाईने विचारलं, "ताई, केवढ्याला पडती?" मी किंमत सांगितली. ती बोटांवर मोजायला लागली. "माझ्या दोन पोरी. म्हंजी चार हजार झाले. वर डाक्टरची फी, येष्टीचं भाडं." मग जरा थांबून म्हणाली, "सरकारनं पैका घातला म्हणता, मग आमी इकत का घ्यायची?"

संशोधनाला खर्च येतो, कारखाना उभारावा लागतो, असं काहीबाही मी बोलले. ते खोटं नव्हतं, पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. ते शोधायला मी नंतर बसले. त्यातून जे हाती लागलं ते या अंकाच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवते आहे. अर्थसंकल्प, करसवलत, जैवतंत्रज्ञान हे शब्द आले की आपल्यातल्या पुष्कळ जणी पान उलटतात. मीही उलटत असे. पण हा मामला आपल्या शरीराचा आणि आपल्याच पैशाचा आहे, म्हणून या वेळी पान उलटू नका.

आधी लशीबद्दल. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त बाया त्याने मरतात. बहुतेक गरीब, बहुतेक उशिरा दवाखान्यात पोचलेल्या. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याविरुद्धच्या परदेशी लशी महाग होत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस तयार केली. या कामात केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि त्याच विभागाची 'बायरॅक' ही कंपनी भागीदार होती, गेट्स फाउंडेशनचं साहाय्य होतं. १ सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीत समारंभ झाला तेव्हा लस २०० ते ४०० रुपयांना मिळेल, असं सांगितलं गेलं. २०२३ च्या जानेवारीत खासगी बाजारात ती आली, तेव्हा दोन डोसच्या कुपीची किंमत होती २,००० रुपये. परदेशी लशीपेक्षा हे पुष्कळ स्वस्त, यात वाद नाही. देशात ही लस बनली याचा मला आनंदच आहे. पण सरकारचा पैसा ज्या वस्तूत गेला, तिची बाजारातली किंमत ठरवताना सरकार कुठे होतं, हा त्या बाईचा प्रश्न उरतोच.

सरकारचा पैसा उद्योगाकडे जातो तरी कसा? जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग १९८६ साली निघाला. प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात जावं म्हणून २०१२ साली बायरॅक स्थापन झाली. नव्या कल्पनेला ती ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, पुढच्या टप्प्यांना आणखी मदत करते. २०१७ साली २५ कोटी डॉलर्सचं राष्ट्रीय बायोफार्मा मिशन आलं, त्यातला निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा. कर्ज फेडणार आपण सगळे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'बायोई३' धोरण मंजूर झालं. २०२५ च्या जुलैमध्ये संशोधन आणि नवनिर्मितीसाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्यातून खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जं मिळायची आहेत, अगदी कमी व्याजाने किंवा बिनव्याजी. बचत गटाच्या कर्जावर आपण किती टक्के व्याज भरतो, ते ज्याने त्याने आठवावं.

हा झाला दिसणारा पैसा. न दिसणारा पैसा करसवलतीतून जातो. घरच्या हिशोबासारखा हा हिशोब मांडून पाहू. कंपनीने संशोधनावर १०० रुपये खर्च केले, तर तेवढे तिच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. कर ३० टक्के धरला, तर तिचा ३० रुपये कर वाचतो. इथवर ठीक. पण २०१० साली सरकारने जैवतंत्रज्ञान आणि इतर उद्योगांमधल्या कंपन्यांना अशी मुभा दिली की स्वतःच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या संशोधनावर १०० रुपये खर्च करा आणि उत्पन्नातून २०० वजा करा. म्हणजे कर वाचला ६० रुपये. शंभरातले जास्तीचे तीस रुपये तुमच्या-माझ्या तिजोरीने सोडून दिले. २०१७ च्या एप्रिलपासून ही वजावट दीडपट झाली, २०२० च्या एप्रिलपासून जेवढा खर्च तेवढीच. पण तोवर, २०१९ साली, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा दरच २२ टक्क्यांवर आणला गेला होता. शिवाय भारतात विकसित करून इथेच नोंदवलेल्या पेटंटवर रॉयल्टी मिळाली, तर तिच्यावर फक्त १० टक्के कर, ही सोय २०१६ साली झाली.

त्या वजावटीच्या कायद्यातलं एक कलम वाचताना मी थबकले. औषधांच्या बाबतीत 'संशोधनाचा खर्च' यात काय काय धरायचं, ते त्यात स्पष्ट लिहिलं होतं: माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च, सरकारी परवानगी मिळवण्याचा खर्च आणि पेटंटच्या अर्जाचा खर्च. म्हणजे एखादी बाई चाचणीसाठी दंड पुढे करते, त्याचा खर्च वजावटीत. त्यातून जे निघालं त्यावर मालकी सांगणारा अर्जही वजावटीत. पण त्या बाईला, तिच्या मुलीला, तिच्या गावाला ते औषध परवडेल का, हा प्रश्न त्या कलमात कुठेच नाही.

चाचण्यांचा विषय आला की आंध्र आणि गुजरात आठवतात. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात दोन परदेशी एचपीव्ही लशी हजारो मुलींना टोचल्या गेल्या. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं यांचा तो प्रकल्प होता. मुली १० ते १४ वर्षांच्या, पुष्कळशा आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुली दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध नाही, असं चौकशीत म्हटलं गेलं. पण संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हेही उघड झालं. स्त्री-संघटनांनी गावोगाव जाऊन माहिती काढली, आवाज उठवला. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने अतिशय कडक शब्दांत ताशेरे ओढले. प्रश्न विचारणाऱ्या बाया विज्ञानाच्या विरोधात आहेत, असं तेव्हाही म्हटलं गेलं. नेट-एन इंजेक्शनविरुद्ध आपल्या मैत्रिणी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हाही म्हटलं गेलं होतं.

म्हणून स्पष्टच लिहिते. मी जैवतंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सव्वा लाखाहून जास्त बायांना घेऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा एचपीव्हीची चाचणी झालेल्या बायांच्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. ती चाचणी जैवतंत्रज्ञानाचीच देणगी. आपल्याला ती हवी आहे, आणि परवडेल अशी हवी आहे.

पण याच आजारावर आणखी एक साधन आहे. गर्भाशयमुखाला पातळ केलेल्या व्हिनेगरचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायांचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बाया. २०१३ साली निष्कर्ष आले: दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. धाराशिवच्या अभ्यासात हीच तपासणी एकदाच केली, तेव्हा एवढा फरक दिसला नव्हता. आणि दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायांना तपासणी दिली नाही, यावर नैतिक आक्षेपही घेतले गेले. ते आक्षेप मला रास्त वाटतात. तरी मुंबईचा धडा मोलाचा आहे. नेटाने, पुन्हा पुन्हा आणि बायांनीच केलेलं स्वस्तातलं काम जीव वाचवतं.

मग ते देशभर का पोचलं नाही? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या बाया होत्या १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत! याला कारणं अनेक आहेत. पण एक कारण आपल्या विषयातलं आहे. व्हिनेगरवर पेटंट मिळत नाही. बोळा लावणाऱ्या बाईच्या कौशल्यावर रॉयल्टी मिळत नाही. जे विकता येतं, त्यासाठी अनुदान, बिनव्याजी कर्ज आणि करसवलत. जे विकता येत नाही, ते आशाताईच्या डोक्यावर. आणि ती आशाताई आपल्या मोबदल्याचा शासन आदेश निघावा म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हात बसली होती.

अटी घालताच येत नाहीत, असं कुणी सांगितलं तर 'रोटाव्हॅक'कडे बोट दाखवा. तान्ह्या बाळांच्या जुलाबांवरची ही लस जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून आणि भारत बायोटेक कंपनीच्या भागीदारीतून आली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. एवढ्या आयांनी विश्वास टाकला. एक डोस एका डॉलरला देऊ, असा शब्द कंपनीने लस बाजारात येण्याआधीच दिला आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली. म्हणजे किमतीबद्दल आधी बोलता येतं. तिथेही सगळं सुरळीत नव्हतं. वेल्लोर केंद्राची दुष्परिणामांची आकडेवारी वेगळी जाहीर करा, एवढ्यासाठी लोकांना न्यायालयात जावं लागलं. किंमत कमी ठेवली म्हणून माहिती झाकता येत नाही. दोन्ही अटी हव्यात.

तर आपण काय मागायचं? पहिलं, ज्या लशीत, औषधात किंवा चाचणीत सरकारी अनुदान, सवलतीचं कर्ज किंवा करसवलत गेली, तिचा करार लोकांपुढे ठेवा आणि त्यात किमतीची अट घाला. केवळ सरकारी खरेदीपुरती नव्हे, खासगी दुकानातल्या किमतीचीही. कारण सरकारी लसीकरणाच्या वयात जी मुलगी बसत नाही, तिच्या आईला दुकानच गाठावं लागतं. दुसरं, चाचण्यांची केंद्रवार माहिती खुली करा. तिसरं, विकता न येणाऱ्या कामालाही तेवढ्याच हिरिरीने पैसा द्या. तपासणी, प्रशिक्षण, आशाताईंचा मोबदला हेही संशोधनाइतकंच मोलाचं आहे.

आणि चौथं, जे आपणच करायचं आहे. २००५-०६ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पात स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं वेगळं पत्रक असतं. २००६-०७ पासून करसवलतींमुळे सोडलेल्या महसुलाचंही पत्रक असतं. पहिलं आपण दरवर्षी तपासतो, दुसरं उघडतच नाही. पण सोडलेला कर हाही खर्चच आहे. त्यातलं बायांच्या वाट्याला काय आलं, हे विचारलंच पाहिजे. बायरॅक सरकारी कंपनी आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. व्यापारी गुपित म्हणून उत्तर नाकारतील. पण व्यापक जनहित असेल तर तीही माहिती द्यावी लागते, असं त्याच कायद्यात आहे. तेव्हा प्रत्येक गटाने एक तरी अर्ज टाकावा: अमुक लशीला किती पैसे दिले, कोणत्या अटींवर? आलेली उत्तरं, आणि नकारसुद्धा, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण ती शेजारी शेजारी छापू.

त्या गावी मला पुन्हा जायचं आहे. ती बाई पुन्हा मागच्या रांगेतून विचारेल. या वेळी तिला कारखान्याच्या खर्चाचं व्याख्यान द्यायचं नाही. तुझा पैसा कुठे गेला आणि तो देताना तुझ्या वतीने कुणी काय मागितलं, एवढं तरी तिला नीट सांगता आलं पाहिजे.