शून्य सावलीला सुट्टी

13 मेची दुपार. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी स्टीलचा उभट डबा ठेवून नववीत जाणारी भाची घड्याळाकडे बघत बसली होती. बारा वाजले आणि ती वैतागली, "मामा, सावली आहे की अजून!"

होती खरी. डब्याच्या पश्चिमेला, बोटभर रुंद. "बाराला सूर्य डोक्यावर येतो" हे उत्तर लिहून तिने पैकीच्या पैकी गुण मिळवलेले, आणि डबा मात्र ऐकायला तयार नाही! साडेबारा वाजले तेव्हा कुठे ती सावली डब्याच्या बुडाखाली गडप झाली.

डब्याचं काही चुकलेलं नव्हतं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्ताचं आणि ऊन पुण्याचं. पुणे त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली, की आपली मध्यान्ह अर्धा तास मागे पडते.

दुसरी गंमत तारखेची. सूर्य अगदी माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, आणि तोही कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान. आपलं राज्य पूर्णच्या पूर्ण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून गावोगावी हे दोन दिवस येतात. दिल्लीच्या वाट्याला एकही नाही. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सावली हरवते, मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. कोल्हापुरात ती हरवते त्या दिवशी जळगावातली मीटरभर काठी मध्यान्हीला सात-साडेसात सेंटिमीटर सावली टाकत असते. पृथ्वी गोल असल्याचा याहून स्वस्त पुरावा कुठे मिळणार?

पण हा पुरावा मुलांच्या हाती लागत नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी. सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा माथ्यावर येतो तो जुलैअखेर, तेव्हा आभाळ भरलेलं. मग उरते ती पुस्तकातली आकृती आणि तिच्याखालचं पाठ केलेलं वाक्य. त्यातूनच "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो" यासारखे समज पिढ्यान् पिढ्या टिकतात. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या आरंभी, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या आरंभी हेच अंतर 15.2 कोटी होतं. उन्हाळा-हिवाळा ठरतो तो आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्याने. शेजारच्या गच्चीवरचं सोलर पॅनल दक्षिणेकडे तिरकं का बसवलंय, याचं उत्तरही तिथेच आहे. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. खगोल आणि ऊर्जा हे पुस्तकात दोन धडे असतील, गच्चीवर एकच.

यासाठी प्रयोगशाळेची वाट बघायचं कारण नाही. शाळेच्या पटांगणात झेंड्याचा खांब असतोच. तो सहा मीटरचा धरला, तर पुण्याच्या अक्षांशावर 22 डिसेंबरला त्याची मध्यान्हीची सावली सुमारे साडेपाच मीटर भरते आणि 21 मार्चला दोन मीटर. डिसेंबरात शाळा भरलेली असते, आभाळही मोकळं असतं. गुरुजी, बाई, दर शनिवारी वर्गाला बाहेर काढा, सावलीच्या टोकाशी खडूने खूण करू द्या आणि वहीत तारीख घालू द्या. मेमधली शेवटची खूण मुलं सुट्टीत आपापल्या अंगणात करतील.