कर्ण्यामागची पेटी : व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हे इतिहासाचेही साधन आहे

१/
जुने व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मिळवावेत, दुरुस्त करावेत, आलटूनपालटून एकाच स्पीकरला जोडून ऐकावेत, हा छंद जगभर आहे आणि महाराष्ट्रातही आहे. लीक, क्वाड या ब्रिटिश नावांना त्यात मानाचे पान असते आणि ‘कोणाचा आवाज अधिक गोड’ हा वाद कधीच मिटत नाही. मात्र गावोगावच्या सभा, जत्रा आणि तंबूतले सिनेमे ज्या देशी पेट्यांनी ऐकवले, त्यांच्या वाट्याला हे कौतुक आलेले नाही. त्यांतल्या ट्रान्सफॉर्मरचे तांबे तेवढे मोलाचे ठरते आणि बाकीची पेटी भंगारात जाते. इतिहासप्रेमी तरुणांनी वळायला हवे ते या दुसऱ्या पेट्यांकडे. कोल्हापूर आणि गारगोटी या दोन ठिकाणांच्या आधारे त्याची कारणे पाहता येतात.

२/
आधी यंत्र समजून घ्यावे. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची निर्वात नलिका केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे अग्र घातले. ते म्हणजे बारीक तारेची जाळी. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर मायक्रोफोनचा क्षीण विद्युत्‌दाब दिला, की तो त्या मोठ्या प्रवाहाला कमीजास्त करतो. पाटाच्या पाण्याला दार हलवून आवर घालावा, तसे हे आहे. हाताला थोडे बळ पुरते. पाणी मात्र पुष्कळ वळते. मानवी आवाज विजेच्या साह्याने वाढवण्याची किल्ली या जाळीत होती.

३/
त्या काळची ताकद आजच्या मानाने अगदी थोडी होती. घरगुती संगीतासाठी नावाजलेला, १९५३चा क्वाड टू हा ॲम्प्लिफायर १५ वॅटचा. मग एवढ्याशा ताकदीत मैदानावरची सभा कशी ऐकू येई? उत्तर कर्ण्यात आहे. कर्ण्याचा निमुळता गळा पडद्याच्या छोट्या हालचालीचे बाहेरच्या हवेशी कार्यक्षम नाते जुळवतो आणि आवाज एका दिशेला फेकतो. खर्जाचा बराचसा भाग त्यात हरवतो, पण शब्द दूरवर पोहोचतात. म्हणून जुन्या सभेचा आवाज आजच्या कानाला नाकातून आल्यासारखा वाटतो. त्या यंत्राकडून मागणी शब्दाची होती, नादाची नव्हे.

४/
या यंत्राआधीचे कोल्हापूर कसे ऐकत असे? शाहीर, कीर्तनकार, संगीत नाटकाचा नट यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज स्वतःच्या छातीच्या बळावर न्यावा लागे. ग्रामोफोन आला होता. फ्रेड गायस्बर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली होती. पण त्यात गायकाने भोंग्यात तोंड घालून जोराने गायचे आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुईने मेणावर रेघ कोरायची, अशी रीत होती. शाहू महाराजांच्या पदरी असलेले उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. तरीही त्यांच्या गाण्याची तबकडी आज कोणाच्या हाती नाही. एका घराण्याचा मूळ आवाज असा निसटू शकतो.

५/
१९२५ पासून तबकड्यांचे विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले. मायक्रोफोनने ऐकायचे, व्हॉल्व्हने वाढवायचे आणि त्या जोरावर सुई हलवायची. आता हळू गाणेही टिपता येऊ लागले. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या तबकड्यांतून मराठी भावगीत घराघरांत गेले. कवितेतले हलके उच्चार आणि जवळून बोलल्यासारखी गायकी या प्रकाराला साजते. भोंग्याच्या काळात ती फुलणे अवघड होते. साहित्याच्या इतिहासात भावगीताचे श्रेय कवी आणि गायक यांना मिळते. त्यात व्हॉल्व्हचा वाटा नोंदवण्याचे मात्र बहुधा राहून जाते.

६/
कोल्हापूरचा वाटा तर थेट आहे. १९२९ मध्ये या शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये तिचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे त्यात होते, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांची. पार्श्वगायनाची सोय नसल्याने नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. तो आवाज व्हॉल्व्हने वाढवून फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीत उतरवायचा. चित्रपटगृहात त्या पट्टीतून दिवा पाडून मिळालेला सूक्ष्म प्रवाह पुन्हा व्हॉल्व्हनेच वाढवायचा. व्हॉल्व्ह नसता तर बोलपट नसता. कोल्हापूरच्या चित्रपट परंपरेत कॅमेऱ्याचा गौरव होतो. ॲम्प्लिफायरचा उल्लेख शोधावा लागतो.

७/
याच साखळीचे शेवटचे टोक तंबूत होते. जत्रेच्या मैदानावर उतरणाऱ्या टुरिंग टॉकीजबरोबर प्रोजेक्टर, जनरेटर, ॲम्प्लिफायर आणि कर्णे येत. जिथे वीज नाही तिथे सभेसाठी मोटारीच्या बॅटरीवर चालणारे संच वापरता येत. त्यांतला व्हायब्रेटर बॅटरीचा प्रवाह झपाट्याने तोडत-जोडत राही आणि मग ट्रान्सफॉर्मर तो दाब व्हॉल्व्हला हवा तितका चढवी. विजेचे खांब येण्याआधी यंत्राने मोठा केलेला आवाज गावात पोहोचू शकला, तो या जुगाडामुळे. ग्रामीण आधुनिकतेचा इतिहास लिहिताना सडक, शाळा आणि वीज यांच्या रांगेत या पेटीलाही जागा द्यावी लागते.

८/
राजकारणात तर तिने सभेचे रूपच बदलले. मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या १९३१च्या कराची अधिवेशनापासून ध्वनिक्षेपणाची व्यवस्था सांभाळली. त्या काळच्या नेत्यांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर या पेढीच्या नावाची पाटी दिसते. गांधीजींचा आवाज मृदू. मैदानात गर्जना करणाऱ्या वक्त्यांचा तो नव्हे. असा आवाज हजारोंच्या सभेत थेट पोहोचू लागला, याचा अर्थ नेतृत्वासाठी बुलंद गळ्याची अट सैल झाली. ही गोष्ट राजकीय इतिहासाची आहे आणि तिचा पुरावा तांत्रिक आहे.

९/
१९४२ मध्ये हेच तंत्र भूमिगत झाले. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त प्रक्षेपण केंद्र जागा बदलत चालवले. नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी ते पकडले. पुढच्या खटल्यात मोटवाने हेही आरोपी होते. सभेचे कर्णे पुरवणारी पेढी आणि गुप्त प्रक्षेपक यांचे नाते इथे उघड होते. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, मायक्रोफोन हे सामान आणि ते हाताळणारे कुशल हात दोन्ही कामांना सारखेच लागतात.

१०/
त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर १९४२ मध्ये, कोल्हापूर संस्थानातील गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि त्यात सात जण हुतात्मे झाले. स्वामी आणि वारके ही त्यांतली नावे आजही जिल्ह्यात जोडीने घेतली जातात. या उठावाला कर्णा नको होता. गुप्त बेत कुजबुजीवर चालतात. म्हणून ध्वनीच्या इतिहासात गारगोटीचे स्थान वेगळे ठरते. मुंबईचे बंड लहरींवरून गेले आणि त्याची नोंद खटल्याच्या कागदांत राहिली. भुदरगडच्या वाड्यावस्त्यांतले बंड तोंडातोंडी गेले. स्वातंत्र्यानंतर हुतात्म्यांची नावे जाहीर सभांत उच्चारली जाऊ लागली, तेव्हा वक्त्यासमोर मायक्रोफोन आला. कुजबुजीपासून कर्ण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे स्वातंत्र्याचा एक ऐकू येणारा अर्थ होय.

११/
पुढे देशी व्हॉल्व्हही आले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्येच लागला होता. त्याने हळूहळू व्हॉल्व्हची जागा घेतली. तरी ही जात संपली नाही. अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे ‘जात कहाँ हो’ हे गायन १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीवरून अवकाशात गेले. गुरूच्या आवाजाची तबकडी पृथ्वीवर नाही आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेपलीकडे गेला आहे. त्या यानांचा पृथ्वीकडे येणारा संदेश आजही निर्वात नलिकेच्याच कुळातला प्रवर्धक वाढवून पाठवतो.

१२/
आता छांदिष्टांच्या मूळ वादाकडे. व्हॉल्व्हचा आवाज खरेच श्रेष्ठ असतो का? १९७८ मध्ये क्वाडच्या पुढाकाराने जेम्स मॉयर यांनी एक चाचणी घेतली. क्वाडचाच जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि दोन ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवून जाणत्या श्रोत्यांना ऐकवले. श्रोत्यांना त्यांतला फरक खात्रीने ओळखता आला नाही. अर्थात यंत्र क्षमतेच्या आत चालवले, तर ही गोष्ट खरी. ताकदीपलीकडे ताणले, की व्हॉल्व्ह हळुवार विस्कटतो आणि साधा ट्रान्झिस्टर एकदम कर्कश होतो. काही मांडण्यांत व्हॉल्व्ह मूळ स्वरात दुपटीच्या कंप्रतेचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळतो. कानाला ते गोड लागते. आवड म्हणून हे योग्यच आहे. पण ‘हाच खरा जुना आवाज’ असे म्हणणे हा पुरावा मागणारा दावा आहे.

१३/
तो दावा टिकत नाही. साठ-सत्तर वर्षांच्या पेटीतले कंडेन्सर सुकलेले असतात, रेझिस्टरची मूल्ये सरकलेली असतात, व्हॉल्व्ह झिजलेले असतात. दुरुस्तीत नवे भाग येतात आणि नवे व्हॉल्व्ह रशिया, चीन किंवा स्लोव्हाकियातून येतात. मग ऐकू येतो तो आजचा आवाज, जुन्या आराखड्यावर उभा केलेला. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या दगडी मंदिरावर तेलरंग फासला, की शिल्पकाराच्या छिन्नीची खूण बुजते. तसेच मूळ भाग न नोंदवता फेकून केलेली दुरुस्ती पेटीला बोलते करते आणि तिची साक्ष मात्र पुसून टाकते.

१४/
पेटी वाचता येते, जसा ताम्रपट वाचता येतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला व्हॉल्व्ह आत असेल, तर ती पेटी १९६१ नंतर बनली किंवा निदान तिच्यात १९६१ नंतर हात घातला गेला. डागाच्या पद्धती दोन दिसल्या, तर दुरुस्त करणारे हात दोन असावेत. बॅटरीचे टर्मिनल विजेविना झालेल्या सभांकडे बोट दाखवते. फोटोसेलची जोडणी सांगते, की हे यंत्र सिनेमासाठी होते. पाठीवर रंगवलेले मंडळाचे, शाळेचे किंवा मंडपवाल्याचे नाव हा तर सरळसरळ शिलालेखच. हे सारे काही स्क्रू काढण्याआधी छायाचित्रांत यावे. आत ३०० ते ४५० व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. म्हणून झाकण उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचेच.

१५/
या इतिहासाला काळी बाजूही आहे. कर्णा ज्याच्या हाती, त्याचा आवाज साऱ्या गावाने ऐकायचा; ऐकणाऱ्याला कान मिटता येत नाहीत. मायक्रोफोन कोणापुढे आला आणि कोणापुढे कधीच आला नाही, हा जात, लिंग आणि सत्ता यांचा प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, तेही याच यंत्राच्या अतिरेकामुळे. म्हणून जुन्या पेटीच्या भोवती केवळ हळवेपणाची आरास नको. वेठीस धरलेल्या कानांचीही नोंद हवी.

१६/
हे काम गारगोटीत सुरू होऊ शकते. वेदगंगेच्या खोऱ्यातल्या या तालुक्याच्या गावी जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने मौनी विद्यापीठ उभे राहिले, ते ग्रामीण भागाला त्याच्याच भूमीत ज्ञान मिळावे म्हणून. ग्रामीण अभियांत्रिकी शिकवणारी संस्थाही तिथे आहे. म्हणजे पेटीची मांडणी वाचणारे डोळे आणि इतिहासाचे प्रश्न विचारणारी मने एकाच आवारात भेटू शकतात. त्यासाठी संग्रहालयाच्या इमारतीची वाट पाहायची गरज नाही. तालुक्यातल्या शाळा, तरुण मंडळे, मंडपवाले आणि नाटकमंडळ्या यांच्याकडच्या जुन्या ध्वनिसंचांची एक नोंदवही पुरे.

१७/
प्रत्येक पेटीपुढे तीन प्रश्न लिहावेत : ही कोणी, कोणत्या कारणासाठी घेतली? हिच्यातून कोण बोलले आणि कोणाला बोलू दिले नाही? ही कोणी दुरुस्त केली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या पावतीत सापडेल. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसांच्या आठवणीत आहेत. नवा व्हॉल्व्ह पुढच्या वर्षीही विकत मिळेल. हातावर डागाच्या खुणा असलेला तो म्हातारा कारागीर पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही. त्यामुळे आवाजाच्या गोडीचा वाद थोडा थांबवून आधी त्याच्या दुकानाची पायरी चढावी.