राखीव दिवस

वर्षअखेरीस हिशेब पुरे करताना जाणता व्यापारी नफ्यातील काही रक्कम राखीव निधीत वळवतो. ती कोणत्या संकटासाठी आहे, हे त्या दिवशी त्याला ठाऊक नसते. ठाऊक असते तर तिला राखीव म्हणण्याचे कारणच उरले नसते. पैशाच्या बाबतीत हा नियम कसोशीने पाळणारी घरे दिवसांच्या बाबतीत मात्र तो सहज विसरतात. प्रवास ठरतो तेव्हा सुट्टीचा शेवटचा दिवसही आधीच खर्ची पडलेला असतो.

सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलाने 2023 साली दोन मित्रांसह मोटारसायकलवरून स्पितीला जाण्याचा बेत आखला. लग्नसराई आटोपली होती, दुकानात आषाढाची मंदी होती, त्यामुळे रजेला हरकत नव्हती. सांगली ते सिमला सुमारे दोन हजार किलोमीटर, तेथून किन्नौरमार्गे काझा, पुढे कुंझुम खिंडीजवळील चंद्रताल सरोवरावर एक मुक्काम आणि मनालीमार्गे परत, असा अठरा दिवसांचा आराखडा त्याने वडिलांपुढे ठेवला. अण्णांनी तो ताळेबंद तपासावा तसा तपासला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘यात राखीव किती?’’

मुलगा हसला. तरीही वडिलांचा मान राखावा म्हणून त्याने दोन कोरे दिवस त्यात घातले. आईचा आक्षेप निराळा होता. ‘‘चातुर्मास बसतोय. साधू-साध्वीसुद्धा आता विहार थांबवतात, आणि तू निघालास?’’ स्पिती हा पर्जन्यछायेतला प्रदेश आहे, तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, असे सांगून त्याने तिची समजूत काढली. सांगितले ते खोटे नव्हते. हिमालयाच्या उंच रांगा मोसमी ढग अडवतात आणि पलीकडची खोरी कोरडी राहतात. चूक एवढीच, की ‘जवळजवळ’ या शब्दाकडे त्याने पाहिले नाही.

28 जूनला निघालेले तिघे 7 जुलैच्या संध्याकाळी काझात पोहोचले. 8 जुलैला सकाळी उठून पाहतात तो आकाश शिशासारखे झालेले आणि पाऊस लागलेला. चंद्रतालच्या तंबूंसाठी साडेचार हजार रुपये आगाऊ भरले होते, ते परत मिळणार नव्हते. दोघे मित्र निघण्याच्या मताचे होते. येथे पाऊस टिकत नाही, दुपारपर्यंत उघडेल, आणि आज गेलो नाही तर पैसे बुडतील, असे त्यांचे म्हणणे पडले. मोटारसायकलींवर सामान बांधून झाले होते. मुलाने निघण्यापूर्वी घरी दूरध्वनी केला.

अण्णांनी हवामानाविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. पुढे रस्ता बंद झाला तर मागे फिरता येईल का? भिजलात तर कोरडा निवारा किती अंतरावर आहे? आणि आज थांबलात तर नेमके काय बुडेल? पहिल्या दोन प्रश्नांना मुलाकडे धड उत्तर नव्हते. तिसऱ्याचे होते: साडेचार हजार.

‘‘मग ते आत्ताच बुडीत खाती टाक आणि खाते बंद कर,’’ अण्णा म्हणाले. ‘‘बुडालेल्या रकमेच्या वसुलीला पोटची माणसे पाठवायची नसतात.’’

सामान पुन्हा उतरवले गेले. एक मित्र दिवसभर कोणाशी बोलला नाही.

त्या दिवसांत उत्तर भारतावर मोसमी वारे आणि पश्चिमेकडून आलेला थंड हवेचा झोत एकत्र आले होते. दिल्लीत 9 जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत 153 मिलिमीटर पाऊस झाला. जुलैतील एका दिवसात इतका पाऊस तेथे 1982 नंतर पडला नव्हता. कुल्लू-मनाली भागात बियास नदीने महामार्गाचे तुकडे वाहून नेले. सुमारे 4300 मीटर उंचीवरील चंद्रतालला पावसाऐवजी ऐन जुलैत बर्फ पडले. तेथे गेलेले अडीचशेहून अधिक पर्यटक तंबूंत अडकले. 11 जुलैला हेलिकॉप्टरने सात जणांना हलवता आले. बाकीच्यांसाठी लोसर गावाकडून यंत्रांनी बर्फ कापत कुंझुम खिंड मोकळी करावी लागली. राज्याचे मंत्री जगतसिंग नेगी स्वतः पथकाबरोबर गेले होते. 13 जुलैला ती सारी मंडळी सुखरूप खाली आली.

सुटका झाली म्हणून धोका लहान ठरत नाही, आणि दुचाकीस्वारासाठी तर तो अधिकच मोठा असतो. मोटारीतला प्रवासी काचेआड असतो. दुचाकीवरचा वाऱ्यापावसाच्या तोंडी असतो. हातमोजे भिजले की बोटे बधिर होतात आणि ब्रेकची मूठ नीट दाबली जात नाही. शरीराची ऊब घटत गेली की आधी हुडहुडी भरते, मग विचारशक्ती मंदावते. म्हणजे मागे फिरण्याचा निर्णय घ्यायचा, नेमक्या त्याच वेळी तो घेणारे डोके थकलेले असते. म्हणूनच हा निर्णय कोरड्या खोलीत, चहाचा कप हातात असताना घेतलेला बरा.

पहाडी नाल्यांचीही रीत आहे. सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी बर्फ वितळून गुडघ्यापर्यंत चढते. त्यामुळे जाणकार असे नाले सकाळीच ओलांडतात. त्यात पाऊस मिळाला तर अंदाजच उरत नाही. गाडी पाण्यात पडून इंजिनात पाणी शिरले तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. इंजिनाची मोडतोड त्या खटाटोपातच होते. साध्या विमा पॉलिसीत अशी हानी बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण घ्यावे लागते. पॉलिसीचा कागद निघण्यापूर्वी वाचावा. परतल्यावर वाचून उपयोग नसतो.

काझात इकडे मोबाइल मुके झाले. घरी चार दिवस काही कळले नाही. दूरदर्शनवर वाहून जाणारे पूल दिसत होते. आईने दिवसातून दहा वेळा फोन लावून पाहिला. अण्णा रोजच्या वेळी दुकान उघडत होते. पण गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडताना मीटर मोजण्यात त्यांची चूक होऊ लागली, हे जुन्या मुनीमजींच्या ध्यानात आले. आपण पोराला थांबवले, पण तो थांबला असेल ना, हा प्रश्न त्यांनी कोणाला बोलून दाखवला नाही. पाचव्या दिवशी फोन आला. तिघे ज्या घरी उतरले होते, तेथेच होते.

दोन राखीव दिवस अर्थातच पुरले नाहीत. राखीव निधी सगळे संकट फेडत नाही; संकट आल्यावर घाईचा सौदा करावा लागू नये, एवढा अवकाश तो देतो. त्या दोन दिवसांमुळे पहिल्या सकाळी ‘थांबू’ म्हणणे सोपे झाले, आणि पुढचे सारे त्या एका शब्दावर उभे राहिले. मनालीचा बेत सोडून ते आल्या वाटेनेच किन्नौरमार्गे उतरले. दिल्लीला टाक्या रिकाम्या करून गाड्या रेल्वेने पार्सल केल्या आणि ठरल्या तारखेनंतर आठवड्याने घरी आले.

मुलाने खर्चाचा कागद अण्णांपुढे ठेवला. साडेचार हजारांच्या नोंदीवरून त्यांची नजर न थांबता पुढे गेली. ती काझातील मुक्कामाच्या आकड्यावर थांबली.

‘‘एवढाच?’’

घरमालकिणीने पहिल्या दिवशीचाच दर शेवटपर्यंत लावला होता. गावात खोली मिळेनाशी झाली होती, रस्ते बंद होते, धान्य जपून वापरावे लागत होते. तरी तिने एक रुपया वाढवला नाही.

अण्णांनी कागदाची घडी केली. मग गोदामातून दुलईच्या कापडाचे एक चांगले ठाण काढवले आणि मुलाला म्हणाले, ‘‘पत्ता नीट लिही. टपालाला पोहोचायला वेळ लागेल, पण हिवाळ्याच्या आत गेले पाहिजे.’’