फ्यूज मी काढला होता

आधी कबुली देऊन टाकतो. गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी डिचोलीला मावशीच्या घरी जाऊन मी मागच्या दोन खोल्यांचा फ्यूज काढून खिशात टाकला. भाडेकरूने चौदा महिने भाडं दिलं नव्हतं. महिन्याला दीड हजार, म्हणजे एकवीस हजार रुपये. काका गेल्यापासून मावशीची हातखर्चाची तेवढीच मिळकत. मावसभाऊ पुण्यात, मी पर्वरीला. दोघांनी फोनवर ठरवलं की अंधारात बसला की आपोआप जाईल. इंजिनिअर माणसाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर स्विचमध्ये दिसतं, त्यातलाच प्रकार.

संध्याकाळी मावशी तुळशीत दिवा लावायला मागे गेली, तर भाडेकरूची दहावीतली मुलगी मोबाइलच्या उजेडात गणितं सोडवत होती. मावशी घरात आली, माझ्यापुढे हात पसरला आणि म्हणाली, "दी तो हांगा." मी दिला. त्यावर ती एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

सोमवारी ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फ्यूज परत लावलास ना? नशीब." गोव्याच्या १९६८ च्या इमारत भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या वीज-पाण्यासारख्या सोयी तोडायला घरमालकाला मनाई आहे. कुलूप बदललं असतं तर आणखी पंचाईत. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं सहावं कलम सांगतं की कायद्याच्या मार्गाशिवाय ज्याला बाहेर काढलं तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच येत नाही. म्हणजे चौदा महिन्यांचं भाडं बुडवणारा तो, आणि कोर्टात आरोपीसारखे उभे राहणार आम्ही!

मग त्यांनी विचारलं, "घर कोणाच्या नावावर?" अर्थातच काकांच्या. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, इन्व्हेंटरी केलेली नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी असते. त्यामुळे अर्धं घर मावशीचं आधीपासूनच होतं, पण उरलेल्या अर्ध्यात मुलगा आणि मुलगी दोघांचा वाटा. भाडेकरूच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारला असता. दोघांची लेखी संमती मागवून घेतली. तुमच्यापैकी किती घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत, ते या चतुर्थीला एकत्र जमाल तेव्हा विचारून पाहा.

दुसरा प्रश्न पावत्यांचा. त्या नव्हत्याच. हा माणूस २००९ मध्ये आला तो खाणीवरच्या ट्रकांचा मेकॅनिक म्हणून. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि डिचोली-साखळीतल्या कितीतरी घरांसारखं त्याचंही चाक रुतलं. काकांनी तेव्हा सहा महिन्यांचं भाडं सोडून दिलं, पुढेही कधी वाढवलं नाही. व्यवहार सगळा तोंडी, काकांच्या वहीत पेन्सिलीने. वकीलबाई म्हणाल्या, भाड्याची पावती आपल्या गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा जास्त मोलाची, आणि त्याचं कारण मुंडकार कायदा.

हे पेडण्याच्या वाचकांनी जरा नीट वाचावं. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या संमतीने त्याच्या भाटात घर करून राहणाऱ्याला संरक्षण दिलं, पुढे घराची जागा विकत घ्यायचा हक्कही दिला. पिढ्यान् पिढ्या भाटकाराच्या मर्जीवर राहिलेल्या कुटुंबांसाठी तो कायदा यायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भाटकाराच्या मालकीच्या घरात भाडं भरून राहणारा हा मुंडकार नव्हे, असं तोच कायदा सांगतो. मग तो भाडं भरत होता हे दाखवायचं कशाने? पावतीने. पावती नसली की भाडेकरू 'मी मुंडकार' म्हणून मामलेदारांकडे जाऊ शकतो, आणि तो वाद मिटेपर्यंत बाकी सगळं अडून राहतं. आमचं पेडण्याचं घरही याच चुकीचं. काजूच्या बागेतल्या खोपीत कोण, कधीपासून आणि कोणत्या नात्याने राहतं, याचा एकही कागद आमच्याकडे नाही. जानेवारी २०२३ पासून मोपावरून विमानं उडायला लागली आणि पेडण्यात ज्याची त्याची खोली भाड्याने जाऊ लागली, पण कागदांची सवय काही विमानातून उतरलेली नाही.

अकरा महिन्यांचा करार केला की झालं, असंही पुष्कळांना वाटतं. एक वर्षाहून जास्त मुदतीचं भाडेपत्र नोंदवावं लागतं, म्हणून हे अकरा महिने आले. त्यावर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलं की भाडेकरूचे हक्क लागत नाहीत, असा समज. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगून ठेवलंय की कागदाचं नाव बघायचं नाही, आत ठरलंय काय ते बघायचं. शिवाय ज्यांचं एक घर डिचोलीत आणि दुसरं पलीकडे दोडामार्गात आहे त्यांनी लक्षात ठेवावं, की हद्द ओलांडली की १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा लागतो. तिथे असा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाचीच, आणि मुदत संपल्यावर ताबा मागायची सोयही वेगळी. इकडचा नमुना उतरवून तिकडे वापरू नये.

आमचा मार्ग मात्र सरळ होता. तीन महिन्यांची थकबाकी असली की रजिस्टर पोस्टाने नोटीस द्यायची. तीस दिवसांत पैसे आले तर त्या कारणापुरतं प्रकरण संपलं. नाही आले तर रेंट कंट्रोलरकडे अर्ज. अर्ज चालू असताना भाडेकरूला भाडं भरत राहावं लागतं. तिथेही थकबाकीला सबळ कारण होतं असं दिसलं तर त्याला मुदत मिळू शकते. मला आधी हे अन्यायाचं वाटलं. फ्यूज आठवल्यावर वाटेनासं झालं.

वकिलाच्या फीचं काय, हा मावशीचा प्रश्न. उत्तर ऐकून मी चाट पडलो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळण्यासाठी बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. घरमालकीण असली तरी. 'फुकट वकील' म्हणजे फक्त भाडेकरूसाठी, गरिबासाठी, अशी आमची समजूत. मावशी आधार कार्ड आणि घरपट्टीची पावती पिशवीत घालून डिचोलीच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेली, एक पानी अर्ज केला आणि तिला वकील मिळाला. कुठे जायचं कळत नसेल तर १५१०० हा देशभरचा मदतीचा नंबर आहे.

नोटीस गेल्यावर भाडेकरू स्वतःच आला. भांडायला नव्हे. खाली मान घालून म्हणाला, गॅरेज चालत नाही, परीक्षेपर्यंत मुलीची शाळा बदलायची नाही. वकिलांनी सुचवलं, अर्ज करण्याआधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवू. तिथे फी नाही, आणि दोघांच्या सहीने झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की, तिच्यावर अपील नाही. ठरलं असं की नऊ हजार तीन हप्त्यांत द्यायचे, उरलेले सोडायचे, आणि ३१ मेपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या. मावसभावाला बारा हजार सोडणं पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. मी त्याला म्हटलं, काकांनीही २०१२ मध्ये भाडं सोडलं होतं. तो म्हणाला, म्हणूनच तर ही वेळ आली. त्याचंही अगदीच चूक नाही.

२८ मेला टेम्पो लागला. मुलगी पास झाली होती, मावशीला पेढे देऊन गेली. शेवटचा हप्ता यायला जुलै उजाडला, पण आला.

आता त्या खोल्यांत दोन नर्स मुली राहतात. करार नोंदवलाय, पोलिस ठाण्यात त्यांची माहिती दिलीय, भाडं बँकेत येतं. तरी मी म्हापशाहून पावतीपुस्तक आणून दिलं. मावशीने चष्मा लावून पहिली पावती लिहिली, कार्बन उलटा घातल्यामुळे दुसऱ्या पानावर काहीच उमटलं नाही, मग पुन्हा लिहिली.

पुढच्या अंकात एक-चौदाच्या उताऱ्याबद्दल. आमचा पेडण्याचा उतारा काढलाय, त्यात एक अनोळखी नाव निघालंय.