मायबाप, नवरा आणि पडद्यावरचं प्रेम

आपल्या पनवेलच्या गटात एकत्र बसून चित्रपट बघायचा आणि मग त्यावर मोकळेपणी बोलायचं, असा परिपाठ आहे. या तिमाहीत आम्ही दोन चित्रपट लागोपाठ पाहिले. एक फ्रेंच, १९९२ सालचा ‘इंदोशीन’. दुसरा मराठी, २०१९ सालचा ‘आनंदी गोपाळ’. दोन्ही परक्या राजवटीतल्या काळातले, दोन्हींत प्रेमाची गोष्ट, आणि दोन्ही नावाजलेले. पहिल्याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, दुसऱ्याला राष्ट्रीय पुरस्कार. दोन्ही चर्चा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबल्या. ज्याला आपण प्रेम म्हणतो त्यात तिला ‘नाही’ म्हणायला जागा होती का?

‘इंदोशीन’ घडतो व्हिएतनाममध्ये, फ्रेंचांचं राज्य असताना, १९३० च्या सुमारास. एलियान ही रबराच्या मळ्याची फ्रेंच मालकीण. तिने आईबाप वारलेल्या एका राजघराण्यातल्या मुलीला, कामियला, दत्तक घेतलं आहे. पुढे दोघींचाही जीव एकाच फ्रेंच नौदल अधिकाऱ्यावर जडतो. देखणा चित्रपट आहे. समुद्र, डोंगर, रेशमी पोशाख आणि कॅथरीन दनव्हचा चेहरा. डोळे निवतात.

पण आमच्यातल्या बऱ्याच जणी अडखळल्या त्या एका छोट्या प्रसंगाशी. पळून जाऊ पाहणाऱ्या मजुराला एलियान स्वतःच्या हाताने फटके मारते आणि वर त्यालाच विचारते, की मुलांना मारताना आईला काय आनंद होतो का? मार खाल्लेला मजूर तिला सांगतो, की तूच माझी आई, तूच माझा बाप. आपल्याला हे समजायला भाषांतर लागत नाही. ‘मायबाप सरकार’ हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या अर्जांत सापडतील. राज्य करणारा स्वतःला आईबाप म्हणवून घेतो, तेव्हा फटक्याचं नाव वळण होतं आणि पळून जाण्याचं नाव कृतघ्नपणा. प्रत्यक्षात त्या मळ्यांवरच्या मजुरांचे हाल इतके होते, की १९३० मध्ये फू-रिएंग इथल्या मिशलँ कंपनीच्या मळ्यावर त्यांनी मोठा संप केला. चित्रपटात मात्र मजूर बहुतेक वेळा पार्श्वभूमीलाच राहतात.

दुसरी गोष्ट सांगणाऱ्याची. कामिय घर सोडते, बंदूक हाती घेते, तुरुंगात जाते, स्वातंत्र्याच्या लढ्यात पुढारी होते. पण चित्रपटभर ही कहाणी सांगते ती एलियान. जिने सगळं सोसलं आणि सगळं केलं, तिच्या तोंडून तिची गोष्ट आपल्याला ऐकायला मिळत नाही.

आता आपल्या घरी येऊ. यमुनेचं लग्न झालं १८७४ साली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. गोपाळराव जोशी पोस्ट खात्यात नोकरीला, बिजवर, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. यमुनेची आनंदी झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या अलिबागला त्यांचा संसार काही काळ होता. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

समीर विद्वांस यांचा चित्रपट मन लावून केलेला आहे आणि तो पाहून अनेक मुलींना शिकायची उमेद आली असेल, याबद्दल मला शंका नाही. गोपाळरावांचा तापटपणाही तो झाकून ठेवत नाही. पण तो तापटपणा तळमळीच्या खात्यावर जमा होतो आणि आपण बाहेर पडतो ते एका जगावेगळ्या नवऱ्याचं कौतुक करत. आमच्यातली एक म्हणालीच, “असा मारणारा का होईना, पण शिकवणारा नवरा मिळाला असता तर!” यावर हशा पिकला. मला हसू आलं नाही.

कारण याबद्दल आनंदीबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अमेरिकेतून गोपाळरावांना धाडलेल्या एका पत्रात त्यांनी लहान वयात खाल्लेला मार एकेका वर्षासह मोजून दाखवला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी, पुढे फेकून मारलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. ते वागणं बरं की वाईट, यावर त्यांचं उत्तर असं, की दोन्ही. हेतू पाहिला तर योग्य वाटतं, पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल हे पाहिलं, तर ते चूकच होतं. अठरा-वीस वर्षांची ती मुलगी उपकार नाकारत नाही आणि मार विसरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर ठेवायचं धैर्य तिच्यात आहे. आपल्याला मात्र दीडशे वर्षांनंतरही दोहोंतली एकच निवडावीशी वाटते.

‘गोपाळराव नसते तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या’ हे खरं आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीचं शिक्षण नवऱ्याच्या मर्जीवर टांगलेलं असावं, हीच त्या व्यवस्थेची गोम होती. मर्जी चांगली निघाली तर तिला आपण प्रेमकथा म्हणतो. वाईट निघाली, त्या हजारो मुलींवर चित्रपट निघत नाहीत.

त्याच काळात मुंबईत एकीने ‘नाही’ म्हटलं होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या माहेरीच राहिल्या, वाचत-शिकत मोठ्या झाल्या आणि नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करीन, असं त्यांनी कळवलं. ‘केसरी’तून टिळकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. आपली बाजू त्यांनी ‘अ हिंदू लेडी’ या सहीने वर्तमानपत्रात स्वतः मांडली होती. अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर मराठीत चित्रपट केला आहे. तो किती जणींनी पाहिला आहे, असं मी गटात विचारलं. एकही हात वर आला नाही.

हे जुनं उगाळत बसण्यासाठी लिहीत नाही. ज्या दाव्याने रखमाबाईंना कोर्टात खेचलं, तो आजही कायद्यात आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. न नांदणाऱ्या बाईला आता तुरुंगात टाकत नाहीत, एवढाच फरक. मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली बाई आपल्या सल्ला केंद्रात येते, तेव्हा पुष्कळदा तिच्या पिशवीत अशीच नोटीस असते. पतीचं पत्नीवर अतिशय प्रेम असून ती विनाकारण नांदायला येत नाही, असा साधारण तिचा सूर. वाचताना मला एलियानचे फटके आठवतात. आणि पत्नी अठरा वर्षांवरची असेल, तर तिच्यावर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहितासुद्धा बलात्कार मानत नाही.

बालविवाह तरी संपले का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. दर पाचांत एकीहून अधिक. रायगडमधल्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतल्या मुलींकडे बघितलं, की हा आकडा कागदावरचा राहत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, चित्रपट जरूर पाहा, रडू आलं तर रडा. पण घरी जाताना एवढं एकमेकींना विचारा, की ही गोष्ट सांगत कोण होतं आणि ती निघून गेली असती, तर तिचं काय झालं असतं. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या हाती नांदायला ये म्हणून नोटीस पडली असेल, तर तिला घाबरून परत पाठवू नका. ती नोटीस म्हणजे निकाल नव्हे. त्याला उत्तर देता येतं, आणि छळ हे न नांदण्याचं सबळ कारण आहे. तारीख चुकवू देऊ नका, तिला वकिलाकडे किंवा आपल्या केंद्रात घेऊन या.

पुढच्या वेळी आम्ही ‘डॉक्टर रखमाबाई’ पाहणार आहोत. तुम्हीही मिळवून पाहा आणि काय वाटलं ते लिहून कळवा.