आनुवंशिकता ठेवली, उत्क्रांती वगळली

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव २०२३ मध्ये केवळ ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे त्याचा निषेध केला. अभ्यासाचा भार हलका केला, बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, असे समर्थन पुढे आले. मग दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्याने उत्क्रांती शिकायची कुठे?

त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी याचा अर्थ ‘चारांपैकी एक आजारी, उरलेली तीन सुरक्षित’ असा लावू शकतो. हा गैरसमज एखाद्या कुटुंबाला फार महाग पडेल. दोन नाणी शंभर वेळा उडवून नोंद ठेवणाऱ्या वर्गात तो टिकणार नाही. मेंडेलनेही आधी मोजले होते: ५,४७४ गोल दाणे, १,८५० सुरकुतलेले. ३:१ हा नियम त्या मोजणीतून आला.

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. इतके घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलेच कसे? ‘आनुवंशिकता’ एकटी याचे उत्तर देत नाही. एका डब्यात पांढरे व लाल मणी घेऊन जोड्या काढाव्यात. लाल-लाल जोड्या आजाराने बाद, पांढऱ्या-पांढऱ्यांतील काही मलेरियाने बाद. उरलेल्यांच्या प्रमाणात डबा पुन्हा भरावा. काही ‘पिढ्यां’नंतरही लाल मणी टिकून राहतात. मलेरिया वगळून तोच खेळ खेळला, तर ते घटत जातात. वाहकांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, ही नैसर्गिक निवड विद्यार्थी स्वतःच्या आकड्यांत पाहतो.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भाकीत करणे, मोजणे आणि चुकल्यास मत बदलणे एवढेच लागते. वगळलेले प्रकरण परत आणलेच पाहिजे. परंतु ते पुन्हा पाच गुणांच्या टिपेपुरतेच शिकवले जाणार असेल, तर पुस्तकात परतूनही उत्क्रांती वर्गाबाहेरच राहील.